ढगांची सफ

ऑगस्ट २०२३ मधली गोष्ट. सहावीच्या वर्गावर माझा मराठीचा तास चालू होता. आमच्या वर्गाच्या खिडक्या उत्तरेला उघडतात. आधी टिनाची छपरे, मग परतवाड्याकडची झाडी आणि तिच्या मागे सातपुड्याची निळी रांग दिसते. त्या दिवशी आभाळ स्वच्छ होते आणि त्यात लहान लहान पांढरे ढग एकामागे एक सरळ ओळीत चालले होते. एक ओळ, मग निळी पट्टी, मग दुसरी ओळ. कुणीतरी दोरी लावून मांडल्यासारखे.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. मला वाटले, एखादा शब्द अडला असेल. ती म्हणाली, "टीचर, बादल सफ बांधून उभे आहेत. मग ते बरसत का नाहीत?"

वर्ग हसला. मीही हसले. नमाजची सफ कशी असते, हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही, त्यामुळे उपमा सगळ्यांना पटली. मी फळ्याकडे वळत म्हणाले, "अल्लाहची कुदरत आहे बेटा."

"हो टीचर. पण कसं?"

उत्तर माझ्याकडे नव्हते. घंटा झाली आणि माझी सुटका झाली. पण दिवसभर मन खात राहिले. मी दिलेले उत्तर खोटे नव्हते. खरेच होते. पण मी ते उत्तर म्हणून दिले नव्हते, भांड्यावर झाकण ठेवावे तसे तिच्या प्रश्नावर ठेवले होते. 'कुणी केले' याचे उत्तर देऊन मी 'कसे केले' हा प्रश्न बंद करू पाहत होते. आपण मोठी माणसे हे फार वेळा करतो.

तो प्रश्न मला इतका लागला, त्याला आणखी एक कारण होते. ते घरातले आहे.

माझा धाकटा भाऊ शेती करतो. गावापासून थोड्या अंतरावर आमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. अब्बा होते तोवर पेरणीचा दिवस तेच ठरवत. ते शाळेत फारसे गेले नव्हते, पण एक वाक्य नेहमी म्हणायचे, "एक बादल देखकर बीज मत डालो, पूरा आसमान देखो." अब्बांचा इंतकाल झाला आणि भाऊ मला विचारू लागला. मी शिकलेली, पगारदार, आणि माझ्या मोबाईलवर उपग्रहाचे चित्र दिसते. एवढ्या भांडवलावर मी घरातली हवामानतज्ज्ञ झाले. प्रत्यक्षात मी बी.एड. केले ते उर्दू आणि मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला होता.

त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात ८ जूनला आला, म्हणजे नेहमीपेक्षा आठवडाभर उशिरा. त्याच सुमारास अरबी समुद्रात बिपरजॉय नावाचे चक्रीवादळ फिरत होते. आमच्या शेतावर एका संध्याकाळी एक जोराची सर आली. चार बोटे ओल गेली. भावाचा फोन आला, "आपा, पेरू का?"

मी मोबाईल उघडला. समुद्रावर केवढे तरी पांढरे चाक दिसत होते. अंगणात येऊन वर पाहिले तर उंच आभाळात पांढरे तंतू पसरलेले. मी म्हणाले, "पेर. समुद्रावर एवढे ढग आहेत. दोन-तीन दिवसांत पोहोचतील."

त्याने चारही एकरांत सोयाबीन पेरले. ते उगवलेही. उगवले नसते तर बरे झाले असते, असे नंतर वाटले. हिरवी पाने जमिनीबाहेर आली आणि वर ऊन तापत राहिले. ते पांढरे चाक वर सरकत गेले आणि १५ जूनच्या रात्री कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्याला लागले. आमच्याकडे थेंब नाही. रोपे आधी मान टाकू लागली, मग वाळून काडी झाली.

पाऊस आला तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात. त्या वर्षी बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी होती, २९ जूनला. शेजाऱ्यांच्या उपवासाचा मान राखून राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढच्या दिवशी केली. त्याच आठवड्यात माझा भाऊ दुबार पेरणी करत होता. बियाण्याच्या चार बॅगांचे पैसे मी पगारातून दिले. त्याने ते घेतले आणि वहीत 'आपांकडून उधार' असे लिहून ठेवले. मी म्हणाले, "उधार कसली? चूक माझी होती." तो म्हणाला, "आपा, तुम्ही चित्र पाहिलं, मी जमीन पाहिली. दोघंही चुकलो."

तो रागावला असता तर सोपे गेले असते.

मग ऑगस्ट आला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तोच ठरला. आमचे दुबार पेरलेले सोयाबीन फुलोऱ्यात होते आणि रोज दुपारी आभाळात पांढऱ्या ढगांच्या ओळी लागत होत्या. भावाच्या गावात लोकांनी शेतात जाऊन इस्तिस्काची नमाज अदा केली, चादरी उलट्या केल्या. पलीकडच्या वस्तीतली मुले धोंडी मागत फिरली. सगळे एकाच आभाळाकडे पाहत होते. तेव्हाच वर्गात त्या मुलीने विचारले, "मग ते बरसत का नाहीत?" तिचा प्रश्न माझाच होता. मला तो विचारायची हिंमत झाली नव्हती, एवढेच.

मी आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांना गाठले. त्यांनी दोन पुस्तके दिली. काही वाचले, काही त्यांना विचारले. जे समजले ते इथे सांगते. चूलही सांभाळणाऱ्या आणि आभाळाकडेही पाहणाऱ्या माणसाला समजेल इतपतच मला समजले आहे.

पहिली गोष्ट अशी की ढग ही दगडासारखी वस्तू नाही. हवा वर चढते तेव्हा थंड होते. दर हजार मीटरला सुमारे १० अंश. थंड होता होता एका उंचीवर तिच्यातली वाफ धुळीच्या, मिठाच्या बारीक कणांवर थेंब होऊन बसते. तो ढग. शेजारी जिथे हवा खाली उतरते तिथे ती गरम होते, थेंब विरतात आणि निळे आभाळ उरते. म्हणजे जिथे ढग दिसतो तिथे हवा चढते आहे आणि जिथे निळे दिसते तिथे उतरते आहे. हवा डोळ्यांना दिसत नाही, पण तिची चढउतार ढगांच्या नक्षीत लिहिलेली असते. ही एक गोष्ट कळली आणि मला आभाळ वाचता येऊ लागले. अक्षरओळख झाली म्हणा.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरात दिसली. रात्री पातळ डाळीचे पातेले गॅसवरून उतरवून ठेवले होते. न ढवळता वरून पाहिले तर डाळीत पिवळे गढूळ ठिपके वर येत होते आणि त्यांच्यामध्ये स्वच्छ पाण्याच्या रेघा होत्या. ठिपका, रेघ, ठिपका, रेघ. तळाची गरम डाळ वर येते, वर निवते आणि कडेकडेने खाली जाते. फ्रान्समधल्या आंरी बेनार या शास्त्रज्ञाने १९०० साली द्रवाचा पातळ थर खालून तापवून हेच पाहिले होते. त्या थरात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरे तयार झाली. १९६० साली अमेरिकेचा 'टायरॉस' हा पहिला हवामान उपग्रह वर गेला. त्याच्या चित्रांतही समुद्रावर मैलोगणती तशीच घरे दिसली. जमिनीवरून ती कुणाला दिसली नव्हती, कारण आपण एका घराच्या खाली उभे असतो.

आमच्या वऱ्हाडच्या आभाळातही डाळीचेच चालते. काळी जमीन उन्हाने तापते, तिच्यावरची हवा चढते आणि दुपारी कापसाची बोंडे फुटावीत तसे ढग जागोजागी फुटतात. सूर्य कलला, जमीन निवली की विरून जातात. पण नुसती तापलेली जमीन नक्षी ठरवत नाही. तीन गोष्टी आणखी लागतात. झाकण, वारा आणि डोंगर.

झाकण म्हणजे वरची गरम, कोरडी हवा. खालून चढणारी हवा भोवतालच्या हवेपेक्षा गरम आहे तोवरच चढते. वर तिच्यापेक्षा गरम थर भेटला की ती तिथेच थांबते. ढगाची वाढ खुंटते, माथा चपटा होतो. मोसमी पावसात खंड पडतो तेव्हा हेच होते. पावसाचा जो कमी दाबाचा पट्टा एरवी मध्य भारतावरून जातो, तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. बंगालच्या उपसागरातून आमच्याकडे येणारी कमी दाबाची क्षेत्रे थांबतात. आमच्या डोक्यावरची हवा खाली उतरू लागते आणि उतरता उतरता गरम व कोरडी होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्यावर असेच झाकण बसले होते.

वारा ओळी लावतो. रसवंतीच्या चरकात दोन रूळ शेजारी शेजारी उलट दिशांनी फिरतात, ते आठवा. जमीन तापलेली असेल आणि वर एकाच दिशेचा बऱ्यापैकी वारा असेल, तर हवेचेही असे लांबलचक आडवे रूळ तयार होतात. ते वाऱ्याच्या दिशेने लांबत जातात आणि शेजारचे दोन रूळ उलट दिशांनी फिरतात. जिथे दोन्ही रूळ हवा वर उचलतात तिथे ढगांची ओळ, जिथे दोन्ही खाली दाबतात तिथे निळी पट्टी. दोन ओळींमधले अंतर साधारणपणे त्या खालच्या थराच्या उंचीच्या दोन ते तीन पट असते. थर दीड किलोमीटरचा असेल तर ओळी तीन-चार किलोमीटरवर.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. ढगांनी सफ बांधली, कारण खालून ऊब होती आणि वारा एका दिशेचा होता. ते बरसले नाहीत, कारण वर झाकण होते. ढगाला पाऊस पाडायला उंची लागते, आणि ती त्यांना कुणी घेऊ देत नव्हते. सफ सुंदर होती, पण ती कोरड्या आभाळाची खूण होती.

पुढच्या तासाला मी वर्ग मैदानावर नेला. त्या दिवशीही ओळी होत्या. झेंड्याच्या खांबाखाली मुलांना बसवले आणि सांगितले, खांबाच्या टोकाशी एक ढग धरा आणि तो कुठे सरकतो ते बघा. कारण ओळी दोन प्रकारच्या असतात. ढग आपल्याच ओळीतून पुढे सरकत असेल, रस्त्याने माणसे चालावीत तसा, तर ती वाऱ्याच्या दिशेची ओळ, खालच्या ढगांची. पण कधी कधी उंचावर बारीक लाटा दिसतात, नदीकाठच्या वाळूवर वारा रेघा काढतो तशा. त्या ओळी आडव्या सरकतात. तिथे हवेचा एक थर दुसऱ्यावरून वेगळ्या वेगाने घसरत असतो आणि मध्ये लाटा उठतात. लाटेच्या माथ्यावर ढग, खळग्यात निळे. मुलांनी दहा मिनिटे मान वर करून पाहिले आणि एकमताने निकाल दिला, "टीचर, हे रस्त्यावाले आहेत." त्या मुलीने विचारले, "मग वारा पश्चिमेचा?" मी म्हणाले, "तूच सांग." तिने सूर्य पाहिला, किबल्याची दिशा आठवली आणि म्हणाली, "हो, किबल्याकडून येतोय."

तिसरी गोष्ट डोंगर. आमच्या गावात राहणाऱ्याला ती रोज दिसते. ढगाचा तळ किती उंच आहे याचा एक सोपा हिशेब आहे. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांच्यातला फरक घ्या आणि त्याला १२५ ने गुणा. साधारण तितक्या मीटरवर ढगाचा तळ. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते ते तापमान. समजा, मे महिन्यात तापमान ४३ आणि दवबिंदू ११ आहे. फरक ३२, म्हणजे ढग चार हजार मीटरवर. आता समजा, जुलैत तापमान २९ आणि दवबिंदू २३ आहे. फरक ६, म्हणजे ढग साडेसातशे मीटरवर. अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेचारशे मीटर उंच आहे. त्यात साडेसातशे मिळवा. अकराशेच्या थोडे वर उत्तर येते आणि ती जवळजवळ चिखलदऱ्याची उंची आहे. म्हणून जुलैत आपण इकडे छत्री मिटून उभे असतो आणि वर घाट चढून गेलेल्या माणसाला दहा पावलांवरचे दिसत नाही. तिथले 'धुके' म्हणजे आपला इथून दिसणारा ढगच. आम्ही खालून त्याचा तळ पाहतो आणि चिखलदरा त्याच्या पोटात असतो. शिवाय वारा डोंगराला धडकला की त्याला वर चढावेच लागते, म्हणून खाली आभाळ मोकळे असतानाही सातपुड्याच्या माथ्यावर ढगांची टोपी बसलेली दिसते. वर्गातल्या प्रत्येकाने ती टोपी पाहिली होती. हिशेब मात्र पहिल्यांदाच पाहिला.

एवढे समजल्यावर मी माझ्या जूनमधल्या चुकीकडे परत गेले. जायलाच हवे होते.

मी मोबाईलवर जे चाक पाहिले ते सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाने टिपलेले होते. तेही ढगांचे एक संघटनच, पण वेगळ्या कारणाचे. मध्ये कमी दाब, भोवतालची हवा तिकडे ओढली जाते, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ती सरळ न जाता वळत जाते. आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट. म्हणून चाक. मी त्या चाकाला पाण्याचा टँकर समजले आणि तो आमच्याकडे येतो आहे असे धरून चालले. खरे तर असे वादळ आजूबाजूची ओलही आपल्याकडे खेचते आणि जिकडे जाईल तिकडे घेऊन जाते. ते कच्छकडे गेले. आणि माझ्या अंगणावरचे पांढरे तंतू? ते कित्येक किलोमीटर उंचीवरचे बर्फाचे बारीक स्फटिक. त्यांच्यातून काही खाली निघाले तरी जमिनीपर्यंत पोहोचण्याआधी विरून जाते. आमच्या भागाला भिजवणारा मोठा पाऊस बहुतेकदा बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र ओडिशा, छत्तीसगडवरून आपल्या दिशेने सरकते तेव्हा येतो. मी पश्चिमेच्या समुद्रावरचे चाक पाहत बसले आणि पूर्वेकडे पाहिलेच नाही. अब्बा म्हणायचे ते हेच. मी ढग पाहिला, आभाळ पाहिले नाही.

मी भाषेची शिक्षिका, म्हणून शब्दांपाशी थोडी थांबते. लंडनचे ल्यूक हॉवर्ड औषधांचा व्यवसाय करत आणि फावल्या वेळात ढग पाहत. १८०२ साली त्यांनी ढगांना लॅटिन नावे दिली. दुपारी फुगणाऱ्या ढगाला त्यांनी 'क्युम्युलस' म्हटले. त्याचा अर्थ रास, ढीग. मराठीत त्याला राशिमेघ म्हणतात. आजच्या अरबीत याच ढगांच्या नावात 'रुकाम' हा शब्द आहे आणि त्याचाही अर्थ एकावर एक रचलेली रास. तीन भाषांतल्या माणसांनी वर पाहिले आणि तिघांना रासच दिसली. खळ्यावर धान्याची रास घालणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

'रुकाम' हा शब्द कुरआनमध्ये आला आहे, सूरह नूरच्या ४३ व्या आयतीत. तिथे एक क्रम आहे. अल्लाह ढगांना हळूहळू हाकतो, मग त्यांना एकत्र जोडतो, मग त्यांची रास करतो आणि मग त्या राशीतून पाऊस निघताना दिसतो. ही आयत मी लहानपणापासून तिलावत करत आले. विज्ञान सिद्ध करायला मी ती इथे सांगत नाही. कुरआन ही हिदायतीची किताब आहे, तिला माझ्या दाखल्याची गरज नाही. पण त्या वर्षी मला त्यातला क्रम पहिल्यांदा दिसला. पाऊस सगळ्यात शेवटी आहे. मी पहिल्याच पायरीवर, ढग हाकले जात असतानाच, पाऊस आला असे भावाला सांगून मोकळी झाले होते.

आणि 'पण कसं' हा प्रश्नही आपल्याकडे नवा नाही. काही ठिकाणी पाऊस जवळजवळ पडतच का नाही, या विषयावर बगदादच्या अल-किंदी यांनी नवव्या शतकातच एक रिसाला लिहिला होता. अल्लाहची मर्जी त्यांना माहीत नव्हती असे थोडेच आहे? मर्जी मानूनच त्यांनी रीत शोधली. सहावीतल्या मुलीने तेच केले होते. झाकण ठेवले ते मी.

त्या ऑगस्टमध्ये भावाच्या गावात कृत्रिम पावसाचीही चर्चा चालली होती. 'सरकार विमान का पाठवत नाही?' पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ २००९ पासून विमानांतून ढगांत शिरून यावर अभ्यास करत आहेत, सोलापूर भागात प्रयोगही झाले. पण विमानातून फवारलेले मीठ किंवा रसायन ढग निर्माण करत नाही. ढग आधीच पुरेसा उंच, पुरेसा ओला असावा लागतो, तेव्हा त्याला थोडी मदत होऊ शकते. झाकणाखाली अडकलेल्या आमच्या पांढऱ्या सफीवर विमान फिरवून काही मिळाले नसते. हे मी भावाला समजावले. तो म्हणाला, "म्हणजे माणसासारखंच. आत काही असलं तर शिकवून उपयोग." मी म्हणाले, "नाही रे, आत सगळ्यांच्या असतं. वरचं झाकण निघायला हवं." शिक्षक असल्याचा परिणाम, दुसरे काय!

सप्टेंबरमध्ये पाऊस परतला. आमच्या सोयाबीनच्या शेंगा तोवर अर्ध्याच भरल्या होत्या. जे झाले ते झाले. अल्लाहचे शुक्र की बियाण्याचा खर्च निघाला.

त्या वर्षापासून भावाच्या शेतात एक डबा उभा आहे. सरळ बाजूंचा, गोल, बिस्किटांचा. झाड आणि भिंत यांपासून दूर, मोकळ्यावर, दगडांनी पक्का बसवलेला. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला त्यात पट्टी उभी करून पाणी मोजायचे आणि डबा रिकामा करायचा. बाजू सरळ असतील तर डबा रुंद असो की अरुंद, पाण्याची उंची जितके मिलिमीटर तितका पाऊस. आकडा वहीत लिहायचा. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आमचे अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. ते आम्ही दरवर्षी ऐकत होतो. मोजत नव्हतो. चार बोटे ओल म्हणजे ७५ मिलिमीटर नव्हे, हे डब्याने शिकवले. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण मी मुलांना कितीदा सांगितली असेल. माझ्याच घरात उंट मोकळा होता.

पुढच्या जूनमध्ये पहिली सर आली तेव्हा मी फोनची वाट पाहिली. आला नाही. दुसरी सर आली, तेव्हाही नाही. माझी खात्री झाली की आता हा मला कधीच विचारणार नाही, आणि तेही बरोबरच होते. मग एका सकाळी शाळेत निघताना फोन वाजला.

"आपा, सगळे मिळून ८२ झाले. आज पूर्वेकडून पण भरून आलं आहे. पेरतो."

त्याने विचारले नव्हते, कळवले होते. मी "बिस्मिल्लाह" म्हणाले आणि फोन ठेवला. मग आठवण झाली म्हणून परत लावला. "आणि ती वहीतली उधारी?"

"ती राहू दे," तो म्हणाला. "पीक आल्यावर बघू."

ती मुलगी आता माझ्या वर्गात नाही, पुढे गेली. परवा व्हरांड्यात भेटली. म्हणाली, "टीचर, रात्री पण बादल ओळीत दिसले. रात्री तर जमीन गरम नसते, मग?" मी आभाळाकडे पाहिले. या वेळी झाकण ठेवले नाही. "मला माहीत नाही," मी म्हणाले, "चल, भूगोलाच्या सरांना विचारू."